लंडन २०१२ : ब्राझील २-०, मॅच पॉइंट हातात... आणि मग तो १३ नंबर

नेटखालचा

तेरा वर्षं एक मॅच डोक्यात अर्धवट राहिली होती. गेल्या आठवड्यात ती पहिल्या सर्व्हिसपासून शेवटपर्यंत बघितली आणि आता कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

१२ ऑगस्ट २०१२, रविवार, लंडन ऑलिंपिकचा शेवटचा दिवस. पुरुषांची व्हॉलीबॉल फायनल, ब्राझील विरुद्ध रशिया. आमचं गाव सांगली जिल्ह्यात. घरात टीव्ही एक. आणि त्याच दिवशी सुशीलकुमारची ६६ किलोची फायनल! वडील तालमीतले, त्यामुळे रिमोट कोणाच्या हातात असणार हे सांगायला नको. तहात एवढंच ठरलं की कुस्ती लागेपर्यंत व्हॉलीबॉल चालेल.

ब्राझीलने पहिला सेट २५-१९ घेतला, दुसरा २५-२०. रशियाला काही सुचतच नव्हतं. गटातसुद्धा ब्राझीलनेच त्यांना ३-० ने धुतलं होतं. वडील म्हणाले, "झालं की आता ह्यांचं. लाव कुस्ती." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. कुस्ती लावली. सुशील योनेमित्सूकडून हरला, रौप्य मिळालं, तरी घरात सुतक. आई चहा टाकायला उठली. मी सहज चॅनेल फिरवलं तर इकडे पाचवा सेट चालू! रशिया पुढे! आणि मघाशी नेटच्या मधोमध उभा राहून फक्त बघत असलेला १३ नंबरचा, २१८ सेंटिमीटरचा मुसेरस्की उजव्या टोकावरून एकामागोमाग एक बॉल जमिनीत गाडतोय. शेवटी रशिया जिंकला, १९-२५, २०-२५, २९-२७, २५-२२, १५-९.

मधल्या दोन सेटांत काय घडलं ते मला माहीतच नव्हतं. आता कळलं. तिसऱ्या सेटला रशियाचा कोच अलेक्नो याने मधल्या ब्लॉकरला, म्हणजे मुसेरस्कीला, युनिव्हर्सलच्या (उजव्या टोकावरून मारणाऱ्याच्या) जागी नेलं आणि नेहमीचा युनिव्हर्सल मिखायलोव्ह याला डावीकडे, रिसिव्ह घ्यायला, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलायला, धाडलं. ऑलिंपिकच्या फायनलमध्ये, ०-२ ने मागे असताना! ब्राझीलला त्या सेटमध्ये दोन मॅच पॉइंट मिळाले. दोन्ही गेले. मुसेरस्कीने एकट्याने ३१ गुण केले.

माझं म्हणणं असं, की सगळे मुसेरस्कीचं नाव घेतात, पण मॅच फिरवली ती मिखायलोव्हने. का ते नंतर लिहितो. आधी तुमचं येऊ द्या.

कोपऱ्यातली_सर्व्हिस

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

हिशोबनीस

मला खेळातलं कळत नाही, आकडे दिसले की बेरीज करतो. तुमचे पाच सेट मांडले.
रशिया: १९ + २० + २९ + २५ + १५ = १०८.
ब्राझील: २५ + २५ + २७ + २२ + ९ = १०८.
दोघांचे गुण सारखे! जपमाळेच्या मण्यांइतके. एकाला सोनं, एकाला चांदी. तीनदा करून बघितली.

नेटखालचा

@हिशोबनीस, दंडवत घ्या. तेरा वर्षांत ही बेरीज माझ्या डोक्यात आली नाही.

जुना_लिफ्टर

आमच्या वेळी ही बेरीज जमलीच नसती. तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट. दुसऱ्याने रॅली जिंकली तर नुसती सर्व्हिस बदलायची. सेट १५ चा, पण कधी कधी पाऊण तास ८-८ वरच लोंबकळायचा. दिवे लावून टुर्नामेंट असायच्या, पहाटेपर्यंत चालायच्या, पंच शिट्टी तोंडात धरून झोपलेला असायचा. १९९८ च्या सुमारास नियम बदलला, प्रत्येक रॅलीला पॉइंट आला, त्याच सुमारास लिबेरोही (फक्त मागे राहून बॉल उचलणारा) आला. आमच्या गावात ते पोचायला अजून चार-पाच वर्षं लागली ती गोष्ट वेगळी. लिबेरोसाठी वेगळ्या रंगाचा शर्ट लागतो म्हटल्यावर एकाने घरून लग्नातला सदरा आणला होता.

अवांतर झालं. चालू द्या.

तालुक्याचा_कोच

धागाकर्त्यांनी चाल सांगितली, ती चालली का हे मी सांगतो. शाळेच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे फळ्यावर काढून दाखवायची सवय आहे. इथे फळा नाही, गोड मानून घ्या.

मधला ब्लॉकर पुढच्या ओळीत असतो तेव्हाच कामाचा. फिरत मागे गेला की त्याच्या जागी लिबेरो येतो. म्हणजे सहा रोटेशनपैकी तीनच त्याची. त्यातही त्याला मिळतो तो झटपट बॉल, सेटरच्या (मारणाऱ्याला बॉल उचलून देणाऱ्याच्या) बोटांतून सुटतो न सुटतो तोच मारायचा. हा बॉल द्यायचा तर पहिला पास सेटरच्या डोक्यावर नीट यावा लागतो. ब्राझीलची सर्व्हिस पहिल्या दोन सेटांत एवढी कडक होती की रशियाचा पास तीन मीटरच्या रेषेमागे कुठेतरी पडत होता. ग्रान्किन (त्यांचा सेटर) पळत जाऊन कसाबसा बॉल टोकाला उंच टाकायचा. आता मला सांगा, २१८ सेंटिमीटरचा माणूस मध्ये उभा असून काय उपयोग? त्याच्याकडे बॉल जातोच कुठे?

युनिव्हर्सलचं उलटं. तो रिसिव्ह घेत नाही. पुढे असो की मागे, सहाही रोटेशन कोर्टवर असतो आणि सहाही वेळा मारू शकतो. पास वाकडा आला तरी चालतं, बॉल उजव्या टोकाला नारळाच्या उंचीवर भिरकावून द्यायचा, बाकी तो बघून घेईल. अलेक्नोने काय केलं, तर आपला सगळ्यात उंच हात चांगल्या पासच्या तावडीतून सोडवला. एवढंच.

आणखी एक. उजव्या टोकावरून मारणाऱ्याच्या समोर कोण येतं? समोरच्या संघाचा डावीकडचा मारणारा. ब्राझीलचा तिथला एक होता मुरिलो. खेळाडू अफाट, पण उंची १९० सेंटिमीटर. २१८ समोर १९०! पुरुषांचं नेट २ मीटर ४३ ला असतं. मुसेरस्की त्या ब्लॉकच्या वरून, खाली बघून मारत होता.

कोपऱ्यातली_सर्व्हिस

आले. @तालुक्याचा_कोच, मस्त समजावलंत, मला पहिल्यांदा कळलं. पण एक शंका. मुसेरस्की युनिव्हर्सल झाला म्हणजे मागे गेल्यावर त्याला जमिनीवरचे बॉल उचलायला लागले असतील ना? एवढा ताडमाड माणूस वाकणार कधी?

तालुक्याचा_कोच

लागले की. दोन-चार सुटलेही. पण ३१ गुण मिळत असतील तर मी माझ्या पोराला म्हणेन, बाबा तू वाकूच नकोस.

दुसरी_बाजू

सगळे अलेक्नोची आरती ओवाळताय, मी जरा पाणी टाकतो. ती ब्राझील २००४ ची ब्राझील नव्हती. गिबा, ज्याने अथेन्सला सोनं आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन्ही घेतलं, तो लंडनला बहुतेक वेळ बाकावर. त्याची ती शेवटची ऑलिंपिक. युनिव्हर्सल विसोत्तो आधीच्या सामन्यात दुखावला, म्हणून वॉलेस खेळत होता. रिकार्दिन्यो, एके काळचा जगातला पहिल्या नंबरचा सेटर, २००७ मध्ये कोचशी वाजल्यामुळे बाहेर काढलेला, पाच वर्षांनी परत आणला तो राखीव म्हणून. आणि पहिला सेटर कोण? ब्रुनो. कोच बर्नार्दिन्योचा मुलगा.

दमलेला संघ दोन सेट जोरावर खेळला आणि तिसऱ्यात श्वास संपला. अलेक्नोने मुसेरस्कीच्या जागी मला उभं केलं असतं तरी मॅच फिरलीच असती.

नेटखालचा

@दुसरी_बाजू, शेवटच्या वाक्याला माझा आक्षेप आहे, तुमची उंची कळवा :)

श्वास संपलेला संघ तिसरा सेट २७ पर्यंत नेत नाही. मॅच पॉइंटवर होते ते, दोनदा. आणि चौथा २५-२२. कोसळले ते पाचव्यात, आणि तोवर त्यांना कळलं होतं की या १३ नंबरला अडवायचं औषध आपल्याकडे नाही. थकवा होताच, पण मनाचा जास्त.

ब्रुनोबद्दल मात्र राग धरू नका. चार वर्षांनी रिओला याच बापलेकांनी इटलीला ३-० हरवून सोनं घेतलं. लिबेरो सर्जिन्योही तेव्हा होता, चाळिशी गाठलेला.

मराठी_पावणा_क्राकूव्ह

बापलेकांवरून आठवलं. टोकियोला फ्रान्सचा कोच लोरों तिली आणि संघात त्याचा मुलगा केव्हिन. ती फायनल (७ ऑगस्ट २०२१) लंडनची उलटी आवृत्ती होती. फ्रान्सने रशियन संघाविरुद्ध पहिले दोन घेतले, २५-२३ आणि २५-१७. पुढचे दोन २१-२५, २१-२५ असे घालवले. सगळ्यांना वाटलं, झालं लंडन परत. पण पाचवा फ्रान्सने १५-१२ ने काढला. एन्गापेथ काय खेळला! तो मुळी व्हॉलीबॉल खेळतच नाही, गल्लीत टिंगल केल्यासारखा बॉलशी वागतो. माझ्या मते ती फायनल लंडनपेक्षा सरस.

मी कामानिमित्त पोलंडमध्ये असतो. इथे व्हॉलीबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट, ऑफिसात सोमवारी दुसरा विषय नसतो. त्यांची व्यथा ऐका. २००४, २००८, २०१२, २०१६ आणि टोकियो, सलग पाच ऑलिंपिक उपांत्यपूर्व फेरीत बाहेर! २०१२ ला बाहेर काढलं ते तुमच्या याच रशियाने. मध्ये २०१४ आणि २०१८ चे जागतिक विजेतेपद त्यांचं, पण ऑलिंपिक आली की तीच पायरी, तिथेच ठेच. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला सोव्हिएत संघाला ३-२ हरवून सोनं जिंकलेलं, ते म्हातारे अजून इथे देवासारखे पूजतात.

२०२४ ला पॅरिसला ती पायरी ओलांडली. उपांत्य सामन्यात अमेरिका २-१ ने पुढे होती, चौथा सेट २५-२३, पाचवा १५-१३. त्या रात्री घराशेजारचा आजोबा, जो दोन वर्षांत माझ्याशी 'नमस्कार'पलीकडे बोलला नव्हता, त्याने जिन्यात मला मिठी मारली. आणि फायनलला फ्रान्सकडून सरळ ०-३. उपांत्य सामन्यातच सगळी पुंजी खर्च झाली होती. दुसऱ्या दिवशी आजोबा परत 'नमस्कार'वर.

जुना_लिफ्टर

पॅरिसचा विषय काढलाच आहे तर एक सांगतो, यावर कोणी फारसं बोलत नाही. १९९६, अटलांटा. फायनल इटली विरुद्ध नेदरलँड्स. इटलीचा तो संघ म्हणजे त्या दशकातला सगळ्यात भारी, कोच हुलिओ वेलास्को. पाचव्या सेटमध्ये १७-१५ ने हरले. इटलीच्या पुरुषांना ऑलिंपिक सोनं आजतागायत मिळालेलं नाही, २००४ ला ब्राझीलने अडवलं, २०१६ ला परत ब्राझीलनेच.

आता पुढे बघा. त्या हरलेल्या संघातला आंद्रेया जानी २०२४ मध्ये फ्रान्सच्या पुरुषांचा कोच. १० ऑगस्टला सोनं. आणि वेलास्को स्वतः, सत्तरी ओलांडलेला, इटलीच्या बायकांचा कोच. ११ ऑगस्टला अमेरिकेला ३-० हरवून सोनं. त्याच्या हाताखाली सहायक कोण? लोरेन्झो बर्नार्दी, तोही १९९६ च्या संघातला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक हार, आणि तिची वसुली लागोपाठ दोन दिवसांत, तीही एकाने परक्या देशाच्या खात्यावर!

कोपऱ्यातली_सर्व्हिस

अंगावर काटा आला काका.

बायकांचा विषय निघालाच तर मी २०२५ ची बँकॉकची फायनल पुढे करते. जागतिक स्पर्धा, इटली विरुद्ध तुर्कस्तान. २५-२३, १३-२५, २६-२४, १९-२५, १५-८. आणि गंमत म्हणजे इटलीची लिबेरो मोनिका दे जेन्नारो हिचा नवरा दानिएले सांतारेल्ली हा तुर्कस्तानचा कोच! हा घरी कसा गेला असेल, मला तेवढंच बघायचं होतं.

@हिशोबनीस, कामाला लागा.

हिशोबनीस

इटली ९८, तुर्कस्तान १०५. सात गुण कमी करून जगज्जेत्या! या खेळाची वही कोणता अंकेक्षक पास करेल?

लंडनकर_तात्पुरता

२०१२ ला मी तिथेच शिकत होतो. तिकीट काही परवडलं नाही, भारतीय दुकानातल्या टीव्हीवर बघितली, दुकानदार अधूनमधून कुस्तीवर फिरवायचा, म्हणजे @नेटखालचा, तुमच्या घरासारखंच. एक सांगतो. ज्या अर्ल्स कोर्ट हॉलमध्ये ही फायनल झाली तो हॉल आता नाही. २०१४ च्या शेवटी बंद केला आणि नंतर पाडून टाकला. दोन वर्षांपूर्वी मुद्दाम गेलो होतो. पत्र्याचं कुंपण, आत मोकळी जमीन.

बालेवाडी_गॅलरी

मी आयुष्यात एकच जागतिक दर्जाचं व्हॉलीबॉल प्रत्यक्ष बघितलं, २००९ ला पुण्यात, बालेवाडीला. मुलांची ज्युनिअर जागतिक स्पर्धा भरली होती, ब्राझील जिंकलं. टीव्हीवर जे कळत नाही ते तिथे कळलं, ते म्हणजे आवाज. बॉल हाताला लागतो तो आवाज फटाक्यासारखा. शेजारी बसलेला माझा भाचा दर सर्व्हिसला डोळे मिटायचा. आणि खेळाडू एकमेकांशी सतत बोलत असतात, एक क्षण गप्प नाहीत. आपली गावची टीम पॉइंट गेल्यावरच बोलते, तेही काय बोलते ते इथे लिहिता येणार नाही.

दुसरी_बाजू

विषय भरकटवू नका. धागाकर्ते, तुम्ही "मॅच मिखायलोव्हने फिरवली" असं म्हणून पसार झालात. सिद्ध करा.

नेटखालचा

पसार नाही, उसाला पाणी द्यायला गेलो होतो. रात्रीची लाईट, काय करणार.

ऐका. मिखायलोव्ह त्या संघाचा मुख्य तोफखाना. संपूर्ण स्पर्धा त्याच्या खांद्यावर आलेली. युनिव्हर्सलला लहानपणापासून एकच सांगितलेलं असतं, तू रिसिव्हचं बघू नको, तू मार. अशा माणसाला फायनलच्या मध्यावर सांगितलं, की तुझी जागा याला दे आणि तू तिकडे जाऊन समोरून येणारी सर्व्हिस घे. ब्राझीलची सर्व्हिस! जिने दोन सेट नेहमीच्या रिसिव्हवाल्यांची त्रेधा उडवली होती.

मी फक्त त्याच्याकडे बघत तिसरा सेट परत लावला. ब्राझीलवाले साहजिकच त्याला शोधून सर्व्हिस टाकतात, कच्चा दुवा म्हणून. पास काही देखणे नाहीत. वाकडे, उंच, कधी नेटला चिकटलेले. पण खेळण्यात राहतात. आणि कोच साहेबांनी वर लिहिलंच आहे, की आता पास देखणा असायची गरजच उरली नव्हती. बॉल हवेत राहिला की पुरे. शिवाय घेऊन झाल्यावर हा बाबा डावीकडून मारतोही. म्हणजे ब्राझीलच्या ब्लॉकला दोन्ही टोकांना धावपळ.

आता समजा तो तिथे खचला असता. रुसला असता. सलग चार सर्व्हिस त्याच्या हातावरून उडाल्या असत्या. तर मुसेरस्कीला कोणी बॉल दिला असता? आणि अलेक्नो आज रशियात 'फायनल घालवणारा येडा' म्हणून ओळखला गेला असता.

वडिलांना हे सांगितलं. परवा त्यांनाही बसवून मॅच दाखवली, या वेळी कुस्ती नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे ह्यो गडी उस्ताद म्हणला म्हणून ऐनवेळी दुसऱ्या वजनात लढला की." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

दुसरी_बाजू

ठीक. अर्धा पटला. उरलेला अर्धा रशियाच्याच तेत्युखिनला देतो. त्याचं नाव या धाग्यात अजून कोणी घेतलं नाही याची लाज वाटायला हवी. १९९६ पासून ऑलिंपिक खेळतोय. सिडनीला रौप्य, अथेन्सला कांस्य, बीजिंगला कांस्य, आणि लंडनला छत्तिसाव्या वर्षी सोनं. मिखायलोव्हच्या आजूबाजूची जागा झाकायला असा जुना माणूस होता म्हणून त्याचं निभावलं. रिसिव्ह हे एकट्याचं काम नसतंच.

जुना_लिफ्टर

+१. तेत्युखिन नंतर २०१६ ला सहावी ऑलिंपिकही खेळला. उद्घाटनाला झेंडा त्याच्याच हातात होता.

मराठी_पावणा_क्राकूव्ह

एक शेवटचं. लंडनमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कोणाची निवड झाली माहीत आहे? मुरिलो. हरलेल्या ब्राझीलचा, तोच १९० वाला. ३१ गुण करून मुसेरस्कीला ते मिळालं नाही.

तालुक्याचा_कोच

बरोबरच दिलं. बक्षीस सगळ्या स्पर्धेचं असतं, एका संध्याकाळचं नाही. मुरिलो दोन आठवडे रिसिव्ह घेत होता, मारत होता, सगळंच करत होता. पण हे तुम्ही गावच्या टुर्नामेंटला सांगून बघा. 'बेस्ट स्मॅशर'ला सायकल आणि रिसिव्हवाल्याला स्टीलचा डबा. माझ्या कपाटात सात डबे आहेत.

कोपऱ्यातली_सर्व्हिस

सात डबे!! काका तुमचा वेगळा धागा काढा.

तालुक्याचा_कोच

धागा नको, पण या धाग्याचा परिणाम सांगतो. शनिवारी सराव सामना होता, शेजारच्या शाळेशी. पहिला सेट आम्ही हरलो. माझ्या डोक्यात तुमचा मिखायलोव्ह. आमचा एक उंच मारणारा आहे, नववीतला, त्याला म्हटलं, तू आज रिसिव्हला जा, तुझ्या जागी मधल्याला आणतो. पोराने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याची सायकल विकायला काढली आहे. दुसरा सेट २५-११. आमचे ११.

रविवारी तो प्रॅक्टिसला आला नाही. सोमवारी त्याची आई शाळेत आली, सर, पोराचं काही चुकलं का विचारायला. मंगळवारी मी त्याला मोबाईलवर तिसरा सेट दाखवला. सतरा नंबरकडे, मिखायलोव्हकडे, बघ म्हटलं. पूर्ण बघितला त्याने, काही बोलला नाही. जाताना एवढंच विचारलं, "सर, त्याला सांगितलं होतं का आधी, की मॅचमध्येच सांगितलं?"

नेटखालचा

मग? काय सांगितलंत?

तालुक्याचा_कोच

म्हटलं, उद्या साडेसहाला ये, पन्नास सर्व्हिस टाकतो तुझ्यावर. आला होता. बत्तीस उचलल्या.